स्लाव स्टेशन: लंडनला रोज ये-जा करणाऱ्या नवख्यांसाठी

पुण्या-मुंबईहून कामासाठी इंग्लंडला येणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांचा पहिला पत्ता स्लावचा असतो. लंडनच्या मानाने भाडं कमी, हीथ्रो विमानतळ जवळ, किराणा ओळखीचा आणि ऑफिसला जायला थेट गाडी, एवढं एका ठिकाणी मिळालं की माणूस इथेच घर शोधतो. पहिल्या महिन्यात तारांबळ उडते ती घराची नाही, गाडीची. कोणतं कार्ड चालतं, कोणती गाडी थांबते, पास काढावा की नको, हे कोणी एकत्र बसून सांगत नाही. मी इथून रोज लंडनला ये-जा केली आहे आणि नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना फोनवर हेच पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: इथे गाडी निवडण्याआधी कार्ड निवडायचं असतं. का ते तिसऱ्या पायरीत.

१. आधी नावं नीट म्हणायला शिका

इंग्रजी स्पेलिंग बघून आपण 'स्लो' किंवा 'स्लफ' म्हणतो. खरा उच्चार 'स्लाव'. खिडकीवर तिकीट मागताना किंवा टॅक्सीवाल्याला सांगताना याने फरक पडतो. त्याहून महत्त्वाचं नाव म्हणजे रेडिंग. स्पेलिंग वाचून सगळे 'रीडिंग' म्हणतात, आणि घोषणा ऐकताना आपलीच गाडी आहे हे कळत नाही. लंडनहून घरी येताना तुमची गाडी बहुतेक वेळा रेडिंग किंवा मेडनहेडची असते, त्यामुळे ही दोन नावं कानाला सवयीची करून घ्या.

तिसरं नाव बर्नम. हे स्लावच्या पश्चिमेचं पुढचंच स्टेशन. तुमची नोकरी स्लाव ट्रेडिंग इस्टेटमध्ये असेल, तर पत्त्यात स्लाव असलं तरी इस्टेटच्या बऱ्याच भागाला बर्नम स्टेशन जवळ पडतं. घर घेण्याआधी नकाशावर दोन्ही स्टेशनांपासून चालून किती वेळ लागतो ते पाहा. बर्नमला जलद गाड्या थांबत नाहीत, हेही त्याच वेळी ध्यानात घ्या.

२. जलद आणि धीमी: मुंबईकरांना हे लगेच कळेल

लंडनमधलं आपलं मोठं स्टेशन पॅडिंग्टन. तिथून स्लाव साधारण ३० किलोमीटर. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, म्हणजे थोडं कमीच. ठाणेकराला जलद-धीमीचा हिशोब समजावून सांगावा लागत नाही, आणि इथेही चार रुळांवर तोच हिशोब चालतो.

धीमी म्हणजे जांभळ्या रंगाची एलिझाबेथ लाइन. ती लँगली, आयव्हर, वेस्ट ड्रेटन, हेज अँड हार्लिंग्टन, साउथॉल, ईलिंग ब्रॉडवे असं करत पॅडिंग्टनला जाते. तिथे जमिनीखाली शिरून बाँड स्ट्रीट, टॉटनम कोर्ट रोड, लिव्हरपूल स्ट्रीट आणि कॅनरी व्हार्फमार्गे ॲबी वुडला पोचते. दिवसा तासाला साधारण चार गाड्या. पॅडिंग्टनपर्यंत अर्ध्या तासाहून थोडं जास्त लागतं, पण गाडी बदलावी लागत नाही. ही सोय जुनी नाही. मधला बोगदा २४ मे २०२२ ला सुरू झाला, तरी आपल्या बाजूच्या गाड्या सरळ आत जायला ६ नोव्हेंबर २०२२ उजाडला. त्याआधी सगळ्यांना पॅडिंग्टनला उतरून बदलावं लागे.

जलद म्हणजे ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीची गाडी. ती २० मिनिटांच्या आत पॅडिंग्टनला पोचते, पण तिथेच संपते. ऑफिस पॅडिंग्टनजवळ असेल किंवा तिथून डिस्ट्रिक्ट, सर्कल किंवा बेकरलू लाइन पकडायची असेल तर ही चांगली. कॅनरी व्हार्फला जायचं असेल तर जलद गाडीने वाचवलेली मिनिटं पॅडिंग्टनला वरून खाली एलिझाबेथ लाइनच्या प्लॅटफॉर्मवर जाण्यात बरीचशी संपतात. मी स्वतः सकाळी धीमीच पकडायचो, कारण बसायला जागा मिळाली की पुढचा तास आपला.

दोन सापळे आहेत. पहिला, पॅडिंग्टनहून सुटणाऱ्या सगळ्या जलद गाड्या स्लावला थांबत नाहीत. ब्रिस्टलकडच्या बऱ्याच गाड्यांचा पहिला थांबा थेट रेडिंग असतो. आपली गाडी म्हणून घाईत त्यात चढलात तर घर मागे पडताना खिडकीतून बघावं लागतं. इंडिकेटरवर नुसतं शेवटच्या स्टेशनाचं नाव वाचू नका, खाली सरकणाऱ्या थांब्यांच्या यादीत स्लाव आहे का ते बघा. दुसरा, लंडनच्या मधल्या स्टेशनांवर पश्चिमेकडे जाणाऱ्या जांभळ्या गाड्यांपैकी बऱ्याच हीथ्रोला जातात. चुकून त्यात बसलात तर घाबरू नका, हेज अँड हार्लिंग्टनला उतरून मागून येणारी रेडिंग किंवा मेडनहेडची गाडी घ्या. हेजच्या पुढे मात्र फाटा फुटतो.

आणखी एक: एलिझाबेथ लाइनच्या गाड्यांत स्वच्छतागृह नाही. लहान मुलं किंवा वडीलधारी माणसं बरोबर असतील तर स्टेशनवरच आटोपून निघा.

३. कार्ड: सगळ्यात मोठा सापळा

लंडनमध्ये उतरल्यावर कुणीतरी प्रेमाने सांगतं, "ऑयस्टर कार्ड घे." ऑयस्टर म्हणजे आधी पैसे भरून फाटकाला लावायचं लंडनचं प्रवासाचं कार्ड. लंडनमध्ये राहणाऱ्याला हा सल्ला ठीक आहे. स्लावकराला नाही. या मार्गावर ऑयस्टरचे पैसे वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतात. त्यापुढे आयव्हर, लँगली, स्लाव, थेट रेडिंगपर्यंत ऑयस्टर चालत नाही. गाडी तीच, डबा तोच, रंगही तोच, पण वेस्ट ड्रेटन ओलांडलं की तुमच्या ऑयस्टरला किंमत नाही.

घडतं असं. पहिल्याच आठवड्यात माणूस टॉटनम कोर्ट रोडला ऑयस्टर लावून आत जातो, फाटक उघडतं, गाडी मिळते, सगळं सुरळीत. स्लावला बाहेर पडताना फाटक उघडत नाही. तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात: प्रवास अपूर्ण राहिल्यामुळे ऑयस्टरमधून जास्तीत जास्त भाडं कापलं जातं, आणि हातात वैध तिकीट नसल्यामुळे दंडाचा प्रश्न उभा राहतो. इंग्लंडच्या रेल्वेवर दंडाचं भाडं १०० पौंड आणि वर एका बाजूचं तिकीट. २१ दिवसांत भरलं तर १०० चे ५० होतात. नव्या माणसाला ही रक्कम जड जाते, आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर पुरत नाही.

म्हणून हे करा:

बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोनमधलं कार्ड वापरा. ते स्लावला चालतं, एलिझाबेथ लाइनवरही आणि ग्रेट वेस्टर्नवरही. चढताना एकदा, उतरताना एकदा लावा. फाटक उघडं असलं तरी लावा.

जे लावून आत गेलात तेच लावून बाहेर पडा. फोनमध्ये तेच कार्ड असलं तरी मशीनला फोन वेगळा आणि प्लॅस्टिकचं कार्ड वेगळं. सकाळी फोन, संध्याकाळी पाकिटातलं कार्ड असंही करू नका, कारण रोजची आणि आठवड्याची कमाल मर्यादा एकाच साधनावर मोजली जाते.

एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायकोने एकच कार्ड एकामागून एक लावायचं नाही. संयुक्त खातं असेल तर दोघांची वेगवेगळी कार्डं घ्या.

भारतातलं कार्ड चाललं तरी परदेशी व्यवहाराचं शुल्क लागू शकतं. इथलं बँक खातं उघडेपर्यंत मशीनवर तिकीट काढणं बरं.

आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार अशी धरली जाते. बुधवारी नोकरीवर रुजू झालात तर त्या आठवड्यात तिचा फायदा बहुधा मिळणार नाही.

मुलांसाठी कॉन्टॅक्टलेस लावू नका. ते नेहमी मोठ्यांचंच भाडं कापतं. पाच वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही. पाच ते पंधरा वयाच्या मुलांचं अर्धं तिकीट मशीनवर मिळतं.

आता यातला बारीक मुद्दा, जो बरेच अनुभवी लोकही सांगत नाहीत. रेलकार्ड असेल तर तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. काही रेलकार्डं ऑयस्टरला जोडता येतात, पण बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डाला जोडता येत नाहीत. आणि ऑयस्टर स्लावला चालत नाही. म्हणजे स्लावकराला रेलकार्डाची सूट हवी असेल तर कागदी किंवा मोबाइलवरचं तिकीटच काढावं लागतं. शनिवारी दोघांनी लंडनला जाऊन यायचं असेल तर टू टुगेदर रेलकार्ड लावून काढलेलं तिकीट आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्हींची तुलना करा. (हे रेलकार्ड कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही.)

४. पास काढावा का?

मुंबईच्या सवयीने पहिला विचार पासचाच येतो. इथे थांबा आणि मोजा.

आठवड्याचे पाचही दिवस जायचं असेल तर वार्षिक पास स्वस्त पडतो. त्याचा हिशोब सोपा आहे: वर्षाचा पास साधारण ४० आठवड्यांच्या पासाच्या किमतीत मिळतो, म्हणजे १२ आठवडे फुकट. रक्कम एकदम मोठी असते, पण बऱ्याच कंपन्या पासासाठी बिनव्याजी कर्ज देतात आणि ते पगारातून दरमहा वळतं करतात. एचआरला विचारायला संकोचू नका. भारतातून आलेल्यांना ही सोय माहीत नसते, म्हणून कोणी मागतच नाही.

आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिस असेल, आणि आता बहुतेकांचं तसंच आहे, तर वर्षाचा पास तोट्यात जाऊ शकतो. अशांसाठी फ्लेक्सी सीझन आहे: २८ दिवसांत कुठल्याही आठ दिवशी प्रवास. तो आणि साधं कॉन्टॅक्टलेस यांची तुलना कागदावर मांडा. मी नव्या माणसाला एकच सल्ला देतो: पहिला महिना कॉन्टॅक्टलेसवर काढा, खर्च मोजा, मग ठरवा. पहिल्याच दिवशी वर्षाचा पास घेऊन तीन महिन्यांत प्रकल्प बदललेला मी पाहिला आहे.

पास घेताना तो नुसता पॅडिंग्टनपर्यंत आहे की लंडनच्या झोनसह (शहरातल्या भाड्याच्या विभागांसह) आहे ते बघा. पॅडिंग्टनपर्यंतच्या पासावर पुढच्या ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, भाडं वेगळं लागतं.

५. स्टेशनात शिरल्यावर

मुख्य दार दक्षिणेला, ब्रुनेल वेवर. बाजारपेठ आणि हाय स्ट्रीट याच बाजूला. उत्तरेला रेल्वे टेरेसचं दार. घर उत्तरेला असेल तर गोल फेरा मारू नका, तिथूनच आत या.

प्लॅटफॉर्मचं गणित: दक्षिणेकडचा १ विंडसरच्या छोट्या गाडीचा. मधले २ आणि ३ जलद गाड्यांचे. ४ वर पश्चिमेकडे, म्हणजे मेडनहेड-रेडिंगकडे जाणारी एलिझाबेथ लाइन. ५ वर लंडनकडे जाणारी. रोजच्या कामासाठी तुमचा सकाळचा प्लॅटफॉर्म ५ आणि संध्याकाळचा ४. तरी इंडिकेटर बघायची सवय ठेवा, कारण रुळांचं काम असलं की गाड्या इकडच्या तिकडे होतात.

पुलावर लिफ्ट आहेत, त्यामुळे बाबागाडी, सामानाच्या बॅगा किंवा चाकाची खुर्ची घेऊन रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत जिन्याशिवाय जाता येतं. गाडी आणि प्लॅटफॉर्म यांत मात्र उंचीचा फरक राहतो. चाकाची खुर्ची असेल तर कर्मचाऱ्यांना सांगा, ते उतरंडीची फळी लावून देतात. सायकल घडीची असेल तर कधीही चालते. पूर्ण आकाराची गर्दीच्या वेळी एलिझाबेथ लाइनवर नेता येत नाही.

हे स्टेशन असं का आहे, यामागे मजेदार इतिहास आहे. ग्रेट वेस्टर्नची पहिली गाडी ४ जून १८३८ ला पॅडिंग्टनहून निघाली तेव्हा स्लावला स्टेशनच नव्हतं. जवळच्या ईटन कॉलेजने आग्रह धरला होता की रेल्वे आली तर मुलं लंडनला पळतील आणि शिस्त बिघडेल. म्हणून कायद्यातच अट घातली गेली की स्लावला स्टेशन बांधायचं नाही. कंपनीने स्टेशन बांधलं नाही, पण गाडी थांबवायला सुरुवात केली, आणि तिकिटं जवळच्या खानावळीत विकली. कॉलेज न्यायालयात गेलं आणि हरलं. त्याच जून महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाला विद्यार्थ्यांना नेण्यासाठी त्याच कॉलेजने याच रेल्वेची खास गाडी मागवली! अधिकृत स्टेशन १ जून १८४० ला उघडलं. ग्रेट वेस्टर्नचा इंजिनियर ब्रुनेल याने ते एकतर्फी बांधलं होतं: गाव दक्षिणेला, म्हणून दोन्ही दिशांचे प्लॅटफॉर्मही दक्षिणेलाच. आज दिसणाऱ्या विटांच्या इमारती १८८० च्या दशकातल्या. माशाच्या खवल्यांसारख्या पत्र्यांचं त्यांचं छत एकदा मान वर करून बघा. ठाण्याची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ची. स्लावला तेव्हा गाड्या थांबायला लागून जेमतेम १५ वर्षं झाली होती.

६. हीथ्रोला जाताना आणि तिथून येताना

हे लिहायलाच हवं, कारण पहिल्या दिवशी दोन मोठ्या बॅगा घेऊन आलेला माणूस इथेच पैसे घालवतो.

स्लाव हे हीथ्रोच्या पश्चिमेला आहे. विमानतळावर "लंडनला जलद" अशी पाटी दिसली की लोक हीथ्रो एक्स्प्रेसमध्ये बसतात. ती वाटेत कुठेही न थांबता पॅडिंग्टनला जाते. तिथून पुन्हा स्लावला, म्हणजे उलट्या दिशेने, यावं लागतं. दुप्पट अंतर, महाग तिकीट. एलिझाबेथ लाइनने हेज अँड हार्लिंग्टनपर्यंत या, तिथे रेडिंग किंवा मेडनहेडची गाडी घ्या. टर्मिनल ५ वरून स्लावला बसही जाते. रात्री उशिरा उतरणार असाल तर तिचं त्या दिवसाचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. चार माणसं आणि सहा बॅगा असतील तर आधी ठरवलेली टॅक्सीच परवडते. अंतर थोडं आहे.

७. प्लॅटफॉर्म ५ वरचा जिम

सकाळी गाडीला चार मिनिटं असतील तर प्लॅटफॉर्म ५ वरची काचेची पेटी बघा. आत एक कुत्रा आहे. खराखुरा, पेंढा भरून जतन केलेला. पहिल्यांदा मी घाईत नुसता पुढे गेलो होतो. पुढे एकदा गाडी उशिरा होती म्हणून खालची पाटी शेवटपर्यंत वाचली, आणि तेव्हापासून या स्टेशनबद्दल वेगळीच माया वाटते.

त्याचं नाव जिम. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या विधवा आणि अनाथ मुलांच्या निधीसाठी तो प्रवाशांकडून पैसे गोळा करायचा. अंगावर डबा, आणि त्यात नाणं पडलं की भुंकून आभार मानायचा. मिळायचे बहुतेक पेनी आणि अर्धे पेनी. सोन्याचं नाणं आयुष्यात एकदाच, अर्धा सॉव्हरिन. तब्येत नाजूक म्हणून काम जेमतेम दोन वर्षं झालं, तरी त्याने सुमारे ४० पौंड निधीत जमा केले. खुर्चीत बसून तोंडात पाइप धरणं, शिडी चढणं, कुणी जळती काडी जमिनीवर टाकली की गुरगुरत ती विझवणं, असे त्याचे खेळ होते. १९ नोव्हेंबर १८९६ च्या संध्याकाळी तो याच प्लॅटफॉर्मवर, कामाचा पट्टा अंगावर असतानाच अचानक गेला. गावकऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला इथे ठेवलं.

पाटीवरची एक ओळ मला सगळ्यात आवडते. त्याला पहिली शिकवलेली गोष्ट म्हणजे पुलाचा जिना चढून पलीकडे जाणं, आणि तो ती इतकी नीट शिकला की इथे आल्यापासून मरेपर्यंत त्याने एकदाही रूळ ओलांडले नाहीत. मुंबईच्या लोकलवर वाढलेल्या कुणालाही ही ओळ वाचून थांबावंसं वाटेल. मुलांना नक्की दाखवा.

याच स्टेशनच्या तारेने इतिहासही घडवला. १८४३ मध्ये पॅडिंग्टनहून विजेची तार इथवर आली, आणि ती चालते कशी हे बघायला लोक एक शिलिंग देऊन येत. १ जानेवारी १८४५ ला जवळच्या सॉल्ट हिलला सारा हार्ट या बाईला विष देऊन जॉन टॉवेल नावाचा माणूस स्लावहून पॅडिंग्टनच्या गाडीत बसला. गाडी निघून गेली होती, पण तार तिच्याहून वेगाने गेली. त्याच्या अंगावर क्वेकर पंथाचा पोशाख होता. तारेच्या यंत्रात क्यू हे अक्षरच नव्हतं, म्हणून 'क्वेकर' हा शब्द के आणि डब्ल्यूने सुरू करून पाठवला गेला. पलीकडच्याला ते कळलं, पॅडिंग्टनला पाळत ठेवली गेली आणि टॉवेल दुसऱ्या दिवशी पकडला गेला. मार्चमध्ये त्याला फाशी झाली. तारेमुळे पकडला गेलेला गुन्हेगार म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं. फोनवर गाडीची वेळ बघत आपण उभे असतो ती हीच जागा.

८. गाडी उशिरा आली तर पैसे मागा

आपल्या लोकांपैकी फार थोडे हे करतात आणि मला ते खटकतं, कारण हा तुमचा हक्क आहे. ग्रेट वेस्टर्नची गाडी १५ मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचली तर भाड्याचा काही भाग परत मिळतो. एलिझाबेथ लाइनवर ही मर्यादा ३० मिनिटांची. अर्ज ऑनलाइन करायचा, २८ दिवसांच्या आत. त्यासाठी कॉन्टॅक्टलेस कार्ड लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर नोंदवून ठेवा. नोंदवलं की मागचे प्रवास दिसतात, आणि उतरताना कार्ड लावायचं विसरलात तर जास्तीचं कापलेलं भाडंही तिथूनच मागता येतं.

रविवारी आणि सुट्ट्यांना रुळांची कामं निघतात. गाड्या बंद करून बस सोडतात, किंवा जांभळ्या गाड्या पॅडिंग्टनच्या वरच्या प्लॅटफॉर्मवरच संपतात. विमान पकडायचं असेल तर आदल्या रात्री नॅशनल रेलच्या ॲपवर बघितल्याशिवाय झोपू नका.

९. काय काय जवळ हवं

- प्रत्येकासाठी स्वतंत्र कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा कार्ड असलेला, चार्ज केलेला फोन
- प्रवासाचा हिशोब बघायला ऑनलाइन खातं आणि त्याला जोडलेला ईमेल
- पास किंवा रेलकार्डासाठी पासपोर्ट आकाराचा फोटो (मोबाइलमधला स्वच्छ फोटोही ऑनलाइन चालतो)
- वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट
- पासाच्या कर्जासाठी कंपनीचा अर्ज आणि त्यावर इथला पत्ता
- नॅशनल रेलचं ॲप

१०. आई-बाबा आले की

साठी उलटलेल्या आई-बाबांसाठी सीनियर रेलकार्ड काढा. इथलं नागरिकत्व लागत नाही, पाहुणे म्हणून आलेल्यांनाही पासपोर्ट दाखवून मिळतं. लंडनच्या परिसरात कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत ते चालत नाही, पण आई-बाबांना कुठे घाई असते!

पहिली सहल विंडसरची करा, राजघराण्याचा किल्ला तिथेच आहे. प्लॅटफॉर्म १ वरून छोटी गाडी सुटते, सहा मिनिटांत थेट विंडसर. हा फाटा ८ ऑक्टोबर १८४९ ला सुरू झाला, आणि वाटेत थेम्सवर ब्रुनेलने बांधलेला लोखंडी कमानीचा पूल लागतो. त्याआधी राजघराण्यालाही स्लावलाच यावं लागे. १३ जून १८४२ ला व्हिक्टोरिया राणी आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसली, ती स्लावहून पॅडिंग्टनला. २५ मिनिटं लागली. बाबांना हे सांगितलंत की ते खिडकी सोडणार नाहीत. तिकीट मशीनवर रेलकार्ड निवडून आधीच काढा, म्हणजे पुढे गोंधळ नको. परतताना गाडी १ वरच येते; लिफ्टने वर जाऊन पूल ओलांडा आणि ५ वर उतरून आईला जिम दाखवा. माझी आई त्या पेटीपुढे बराच वेळ उभी होती. मग तिने पर्समधून एक नाणं काढलं, टाकायला डबा कुठे दिसतो का ते पाहिलं, आणि तसंच मुठीत धरून गाडीत बसली.